पाच मेणबत्त्या की एक?

अशी कल्पना करा की, तुमच्या वर्गाची सहल राजगडावर गेली आहे. गुंजवणे गावातून चढून तुम्ही दुपारी दोनच्या सुमारास पद्मावती माचीवर पोहोचला आहात. मुलांनी आपापले मोबाइल घरीच ठेवावेत, असे सांगण्यात आले होते. त्यामुळे सर्वांत मिळून सरांचा एकच मोबाइल आहे. सकाळपासून फोटो काढण्यासाठी तो या हातातून त्या हातात इतका फिरला की, आता त्याच्या बॅटरीत पंधराच टक्के शिल्लक आहेत. संध्याकाळी सात वाजता गड उतरल्यावर याच मोबाइलवरून बसच्या चालकाला बोलवायचे आहे. घरी वाट पाहणाऱ्या पालकांनाही "आम्ही सुखरूप उतरलो" असे कळवायचे आहे. वाटेत नकाशा पाहावा लागणार, तो वेगळाच.

एक जण म्हणतो, "सर, पडद्याचा प्रकाश कमी करा." दुसरा म्हणतो, "त्याने असा काय मोठा फरक पडणार? बंदच करून टाका." तिसरी म्हणते, "आणि मग नकाशा कसा पाहायचा?" सर हसून म्हणतात, "भांडता कशाला? हिशोब करा!"

चला तर, आपणही हिशोब करू. त्यासाठी फार गणित लागणार नाही. गुणाकार आणि भागाकार आले म्हणजे पुरे. मात्र वाटेत आपल्याला बॅटरीत, पडद्याच्या आत आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यातही डोकावून पाहावे लागेल.

बॅटरीत ऊर्जा किती?

मोबाइलच्या बॅटरीवर किंवा त्याच्या खोक्यावर "५००० मिलिअँपिअर-तास" असा काहीसा आकडा छापलेला असतो. आजच्या पुष्कळ मोबाइलमध्ये बॅटरी जवळपास एवढ्याच क्षमतेची असते. या आकड्याचा अर्थ असा की, बॅटरीतून ५००० मिलिअँपिअर, म्हणजेच ५ अँपिअर प्रवाह घेतला, तर ती एक तास पुरेल. अर्धा अँपिअर घेतला, तर दहा तास पुरेल.

परंतु केवळ प्रवाहावरून ऊर्जा कळत नाही. टाकीतले पाणी किती उंचीवरून पडते हेही पाहावे लागते, त्याप्रमाणे येथे विद्युतदाब पाहावा लागतो. लिथियम-आयन बॅटरीचा सरासरी दाब सुमारे ३.८५ व्होल्ट असतो. म्हणून ५ अँपिअर-तास गुणिले ३.८५ व्होल्ट, म्हणजे १९.२५ वॅट-तास इतकी ऊर्जा पूर्ण भरलेल्या बॅटरीत असते.

ही ऊर्जा किती म्हणायची? तुमच्या घरात ९ वॅटचा एलईडी दिवा असेल, तर या ऊर्जेवर तो जेमतेम दोन तास चालेल. मोबाइलला मात्र एवढ्याच शिदोरीवर दिवसभर काढायचा असतो. राजगडावरच्या आपल्या मोबाइलमध्ये तर पंधराच टक्के उरले आहेत. १९.२५ चे पंधरा टक्के म्हणजे सुमारे २.९ वॅट-तास. हा आकडा लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तो लागणार आहे.

पडद्यावर किती मेणबत्त्या?

आता ही शिदोरी खातो कोण? मोबाइलमध्ये खाणारी तोंडे बरीच आहेत : आकडेमोड करणारी चिप, मनोऱ्याशी संदेशांची देवाणघेवाण करणारा रेडिओ, कॅमेरा, ध्वनिक्षेपक आणि पडदा. यांपैकी पडदा चालू असेल आणि त्याचा प्रकाश पूर्ण वाढवलेला असेल, तर बहुधा तोच सर्वांत मोठा वाटेकरी ठरतो.

पडद्याचा उजळपणा 'निट' या एककात मोजतात. एक चौरस मीटर पृष्ठभागातून समोर एक कँडेला तीव्रतेचा प्रकाश येत असेल, तर त्याचा उजळपणा एक निट. आणि कँडेला म्हणजे किती? स्थूलमानाने एका मेणबत्तीएवढी प्रकाशतीव्रता. कँडेला हे नावदेखील मेणबत्तीवरूनच पडले आहे.

मोबाइलचा पडदा साधारण १५ सेंटीमीटर लांब आणि ६.८ सेंटीमीटर रुंद धरू. त्याचे क्षेत्रफळ १०२ चौरस सेंटीमीटर, म्हणजेच ०.०१०२ चौरस मीटर झाले. प्रकाश पूर्ण वाढवल्यावर त्याचा उजळपणा ५०० निट होतो असे धरले, तर ५०० गुणिले ०.०१०२, म्हणजे सुमारे पाच कँडेला! याचाच अर्थ, पूर्ण प्रकाशावरचा मोबाइल तुम्ही तोंडासमोर धरता, तेव्हा तुमच्यासमोर जणू पाच मेणबत्त्या जळत असतात. महागड्या मोबाइलचे पडदे याहूनही उजळ असतात.

आता दुसरे उदाहरण घ्या. तुम्ही घरात दिव्याखाली वही उघडून बसला आहात. वहीवर ३०० लक्स इतका प्रकाश पडतो आहे. अभ्यासाला तो चांगला पुरतो. पांढरा कागद त्यातला सुमारे ८० टक्के प्रकाश परत फेकतो. हिशोब केला तर त्या कागदाचा उजळपणा ७५ ते ८० निट भरतो. म्हणजे मोबाइलच्या पडद्याएवढ्या आकाराचा कागद एका मेणबत्तीहूनही थोडा कमीच प्रकाश देतो. तरीही त्यावरची अक्षरे तुम्हांला स्वच्छ वाचता येतात. कोणी तक्रार करीत नाही.

मग त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली मोबाइल वाचण्यासाठी पाच मेणबत्त्या कशाला हव्यात? एक पुरेल की! आपल्या लेखातला मुख्य प्रश्न हाच आहे. आणि पाचाऐवजी एक मेणबत्ती ठेवली, तर पडदा पाचपट अंधारा वाटेल का? नाही. येथेच खरी गंमत आहे.

डोळ्याचा हिशोब वेगळा

पूर्ण अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती लावा आणि तिच्या शेजारी दुसरी पेटवा. खोली उजळल्याचे तत्काळ जाणवते. आता अशी कल्पना करा की, खोलीत शंभर मेणबत्त्या जळत आहेत आणि कोणी आणखी एक पेटवली. फरक कळेल का? मुळीच नाही. वास्तविक दोन्ही वेळा भर पडली ती एकाच मेणबत्तीची.

वजनाचेही असेच असते. हातात शंभर ग्रॅमची पुडी असताना वर पन्नास ग्रॅम ठेवले, तर चटकन समजते. पण पाच किलोच्या पिशवीत पन्नास ग्रॅम टाकले, तर पत्ताही लागत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील अर्न्स्ट वेबर यांनी अशा प्रयोगांवरून दाखवून दिले की, आपल्या इंद्रियांना जाणवतो तो मूळच्या प्रमाणात झालेला बदल; केवळ बदलाचा आकडा नव्हे. गुस्टाव फेखनर यांनी १८६० मध्ये या विचाराला गणिताचे रूप दिले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रकाश दुप्पट, चौपट, आठपट अशा गुणाकाराने वाढला, तर आपल्याला तो एक, दोन, तीन अशा सारख्या पायऱ्यांनी वाढल्यासारखा वाटतो. पुढील संशोधनाने या नियमात दुरुस्त्या झाल्या. पण मुख्य गोष्ट कायम राहिली, ती ही की, प्रकाश खूप वाढला तरी त्याची जाणीव थोडीच वाढते.

डोळ्याला हे असे करणे भागच आहे. चांदण्या रात्री जमिनीवर एक लक्सदेखील प्रकाश नसतो, तर भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सच्या घरात जातो. इतक्या प्रचंड टप्प्यात एकाच डोळ्याला काम करायचे असते. बाहुली लहानमोठी होते खरी. तिचा व्यास सुमारे दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. परंतु त्यामुळे आत जाणाऱ्या प्रकाशात सोळापटच फरक पडतो. उरलेले काम नेत्रपटल आणि मेंदू मिळून करतात. कमी प्रकाशाला ते सरावतात आणि जास्त प्रकाशालाही सरावतात.

म्हणून काय होते पाहा. पडद्याचा प्रकाश पाचवा हिस्सा केला, तरी डोळ्याला तो पाचवा हिस्सा वाटत नाही. साधारण निम्म्याच्या आसपास उतरल्यासारखा वाटतो. आणि थोड्या वेळाने डोळा सरावला म्हणजे तेवढेही वाटत नाही. बॅटरीला मात्र सराव वगैरे काही नसतो. तिला प्रत्येक मेणबत्तीचा दाम रोख मोजावा लागतो.

पट्टी अर्धी, वीज पाचवा हिस्सा

मोबाइलमध्ये पडद्याचा प्रकाश कमीजास्त करण्यासाठी एक सरकती पट्टी असते. ती अर्ध्यावर आणली म्हणजे वीजही निम्मी लागत असेल, असा आपला समज होतो. पण ही पट्टी कोणासाठी केलेली आहे? तुमच्या डोळ्यासाठी, बॅटरीसाठी नव्हे. बोट सरकवताना प्रकाश सारख्या पायऱ्यांनी वाढल्यासारखा वाटावा, अशी तिची रचना केलेली असते. अँड्रॉइड प्रणालीच्या नवव्या आवृत्तीत, २०१८ मध्ये, ही पट्टी मुद्दाम डोळ्याच्या रीतीने चालेल अशी बदलण्यात आली.

पट्टीवरची जागा आणि लागणारी वीज यांत किती तफावत असू शकते, हे त्याआधीच मोजून पाहण्यात आले होते. ऑस्ट्रेलियातील आरोन कॅरोल आणि गर्नोट हायझर या दोन संशोधकांनी २०१० मध्ये एक मोबाइल उघडून त्याच्या एकेका भागाला किती वीज लागते, हे स्वतंत्रपणे मोजले. त्या मोबाइलचा पडदा आजच्या मानाने खूपच लहान होता. त्याच्या पडद्यामागील दिव्याला पूर्ण प्रकाशावर ४१४ मिलिवॅट वीज लागली आणि सर्वांत कमी प्रकाशावर ७.८ मिलिवॅट. आता सांगा, पट्टी बरोबर मध्यावर असताना किती लागली असेल? दोनशे मिलिवॅट? नाही. अवघी ७५ मिलिवॅट! म्हणजे पट्टी निम्म्यावर आली, पण वीज निम्म्यावर नव्हे, तर पाचव्या हिश्शाच्याही खाली आली.

याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. पट्टीच्या खालच्या अर्ध्या भागाला ७५ मिलिवॅट, तर वरच्या अर्ध्या भागाला तब्बल ३३९ मिलिवॅट. पट्टीचे शेवटचे टोक फार महाग असते! टोकापासून बोट थोडे मागे घेतले, तर डोळ्याचे नुकसान थोडे आणि बॅटरीचा फायदा मोठा. याउलट पट्टी आधीच खाली असेल, तर ती आणखी खाली नेऊन डोळे ताणण्यात काही अर्थ नाही. तेथे वाचण्यासारखे फारसे उरलेलेच नसते.

प्रत्येक मोबाइलमध्ये आकडे हेच असतील असे मात्र नाही. पडद्याचा आकार, त्याचा प्रकार आणि पट्टीची रचना यांप्रमाणे ते बदलतात. म्हणूनच पुढे एक प्रयोग दिला आहे.

खिडक्या आणि पणत्या

मोबाइलचे पडदे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. त्यांतील फरक समजून घेतला, तर आणखी एका कोड्याचा उलगडा होतो.

पहिला प्रकार एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिकाचा पडदा. यात द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. पडद्याच्या मागे पांढऱ्या एलईडींचा दिवा सतत जळत असतो आणि पुढे लाखो बारीक खिडक्या असतात. हजार ऐंशी गुणिले चोवीसशे ठिपक्यांच्या पडद्यावर २५ लाख ९२ हजार ठिपके होतात आणि प्रत्येक ठिपक्यात तांबडी, हिरवी व निळी अशा तीन खिडक्या असतात. खिडकी उघडली की त्या रंगाचा प्रकाश बाहेर येतो, मिटली की अडतो. या व्यवस्थेत नासधूस फार होते. पहिला ध्रुवक निम्म्याहून अधिक प्रकाश अडवतो. रंगाची काच उरलेल्यातला सुमारे एकतृतीयांशच पुढे जाऊ देते. काही भाग तारांच्या जाळीत अडकतो. अखेर मागच्या दिव्याच्या शंभर भाग प्रकाशापैकी पाच ते दहा भागच तुमच्या डोळ्यापर्यंत पोहोचतो! पडद्यावर काळे चित्र असले, तरी खिडक्या तेवढ्या मिटतात; मागचा दिवा जळतच राहतो. घराच्या खिडक्या लावून घेतल्या, म्हणून आतल्या दिव्याचे बिल काही कमी येत नाही.

दुसरा प्रकार ओलेड, म्हणजे प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचा पडदा. कोडॅक कंपनीतील चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये अशा पदार्थांच्या पातळ थरांपासून कमी दाबावर चांगला प्रकाश मिळवून दाखवला. या पडद्यामागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. दिवाळीत अंगणात लावलेल्या पणत्यांसारखेच हे आहे. जेवढ्या पणत्या लावाल, तेवढेच तेल जळेल. काळा ठिपका म्हणजे न लावलेली पणती. तिला तेल लागत नाही.

आता ते कोडे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दाखवणारा जो 'डार्क मोड' असतो, त्याने बॅटरी वाचते की नाही? कोणी म्हणतात पुष्कळ वाचते, कोणी म्हणतात काहीच नाही. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असू शकते. पडदा एलसीडी असेल, तर जवळजवळ काहीच वाचत नाही. कॅरोल आणि हायझर यांच्या मोबाइलमध्ये तर काळ्या चित्राला पांढऱ्यापेक्षा थोडी जास्तच वीज लागली होती, कारण तेथे खिडक्या मिटून ठेवण्यालाच अधिक वीज लागत होती! पडदा ओलेड असेल, तर बचत होते; पण किती, हे त्या सरकत्या पट्टीवर अवलंबून असते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ओलेड पडद्यांच्या मोबाइलवर याची मोजणी केली. प्रकाश पूर्ण असताना डार्क मोडमुळे सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली. पण घरात आपण ठेवतो तसा, ३० ते ५० टक्के प्रकाश असताना अवघी ३ ते ९ टक्केच वाचली.

असे का व्हावे? तुम्हीच विचार करा. पणत्या आधीच मंद केलेल्या असतील, तर त्या विझवून वाचणारे तेलही थोडेच असणार. म्हणजे रंग बदलण्यापेक्षा पट्टीकडे लक्ष देणेच अधिक फायद्याचे.

तुमचा पडदा कोणत्या प्रकारचा, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर संपूर्ण काळे चित्र आणा. पडदा राखी रंगाने अंधूक चमकत असेल तर तो एलसीडी. काळाकुट्ट होऊन खोलीच्या अंधारात मिसळून गेला तर ओलेड.

उन्हात पडदा का दिसत नाही?

तुम्ही म्हणाल, "एका मेणबत्तीवर भागते हे घरात ठीक आहे, पण उन्हात पाचही पुरत नाहीत, त्याचे काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. तुम्ही पांढरा सदरा घालून भर उन्हात उभे आहात. सदऱ्यावर एक लाख लक्स प्रकाश पडतो आहे. मघासारखाच हिशोब केला, तर सदऱ्याचा उजळपणा सुमारे २५,००० निट भरतो. मोबाइलची साधी काच समोरून येणाऱ्या प्रकाशातला सुमारे चार टक्के प्रकाश आरशासारखा परत फेकते. २५,००० चे चार टक्के म्हणजे १००० निट. पडद्याचा स्वतःचा प्रकाश ५०० निट आणि त्यावर पडलेले तुमच्या सदऱ्याचे प्रतिबिंब १००० निट! अक्षरे त्यात बुडून जातात, यात नवल काय?

यावर उपाय दोन. एक म्हणजे मेणबत्त्या वाढवत नेणे. मोबाइलमध्ये प्रकाशाचा संवेदक असतो, तो उन्हात आपोआप हेच करतो. पण यात बॅटरी भराभर संपते, मोबाइल तापतो आणि फार तापला की स्वतःचा बचाव करण्यासाठी तो पडदा आपोआप मंद करतो. दुसरा उपाय फुकटचा आहे. सावलीत जा. ऊन आटोक्यात आणणे आपल्या हाती नाही, पण झाडाखाली किंवा भिंतीआड चार पावले टाकणे नक्कीच आहे.

तेलाच्या डागाचा प्रयोग

आता हाताने करून पाहण्याची गोष्ट. प्रकाशाची तुलना करण्याची एक जुनी आणि सोपी युक्ती जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांच्या नावाने ओळखली जाते. पांढऱ्या कागदाच्या मध्यभागी तेलाचा एक थेंब टाका, पसरू द्या आणि जास्तीचे तेल टिपून घ्या. डागातून प्रकाश आरपार जातो. कागदाच्या तुमच्या बाजूला प्रकाश जास्त असेल, तर डाग काळपट दिसतो. पलीकडे जास्त असेल, तर उजळ दिसतो. दोन्ही बाजूंना सारखा असेल, तर डाग जवळजवळ नाहीसा होतो.

घरातील वडीलमाणसांची किंवा शिक्षकांची परवानगी घेऊन दोन मोबाइल मिळवा. दोन्हींच्या पडद्यांवर संपूर्ण पांढरे चित्र आणा आणि प्रकाश आपोआप बदलण्याची सोय बंद करा. प्रत्येक पडद्यावर जाड काळ्या कागदाचे आवरण लावून त्यात तीन सेंटीमीटर बाजूची चौकोनी खिडकी ठेवा. खोली अंधारी करा. टेबलावर तेलाचा कागद उभा करा. एक मोबाइल त्याच्यापासून ४० सेंटीमीटरवर ठेवा आणि पुढे त्याला मुळीच हलवू नका. त्याची पट्टीही बदलू नका. दुसऱ्या बाजूच्या मोबाइलची पट्टी पूर्ण वाढवा आणि डाग नाहीसा होईपर्यंत तो मागेपुढे सरकवा. अंतर मोजा. मग त्याची पट्टी निम्म्यावर आणून पुन्हा तसेच करा.

समजा, पहिले अंतर ६० सेंटीमीटर आणि दुसरे २७ सेंटीमीटर आले. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, हे तुम्ही शिकलाच आहात. म्हणून दोन्ही प्रकाशांचे गुणोत्तर २७ चा वर्ग भागिले ६० चा वर्ग, म्हणजे ७२९ भागिले ३६०० इतके आले. हे सुमारे एकपंचमांश होते. तुमच्या मोबाइलचे उत्तर वेगळे येईल. पट्टीच्या पाव, अर्ध्या, पाऊण आणि पूर्ण अशा चार जागा घेऊन आलेख काढा. तो सरळ रेषेत येतो की वर जाताना वाकतो, ते पाहा. प्रयोगवहीत ठेवण्याजोगा तो आलेख होईल.

शिक्षकांना वर्गात आणखी एक मोजणी करून घेता येईल. मोबाइल विमान-प्रकारावर ठेवावा, म्हणजे रेडिओचा खर्च मध्ये येत नाही. एकच पांढरे पान उघडे ठेवून एक तास पूर्ण प्रकाशावर किती टक्के बॅटरी उतरते, ते लिहून घ्यावे. मग पुन्हा तितकीच भरून एक तास निम्म्या पट्टीवर ठेवावा. डागाच्या प्रयोगात प्रकाश जितका उतरलेला दिसतो, तितकी बॅटरीची बचत येथे दिसणार नाही. असे का, याचे उत्तर राजगडावर मिळते.

पुन्हा राजगडावर

आपल्याजवळ २.९ वॅट-तास ऊर्जा आहे. दोन वाजले आहेत आणि सातपर्यंत मोबाइल जिवंत ठेवायचा आहे. हिशोबासाठी काही सोयीचे आकडे धरू. पूर्ण प्रकाशावर पडद्याला २ वॅट लागतात. पट्टी निम्म्यावर आणली, तर त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ०.४ वॅट. पडदा चालू असताना मोबाइलच्या बाकीच्या भागांना मिळून ०.८ वॅट लागतात. पट्टी कोठेही असली तरी हा खर्च चुकत नाही. म्हणून एकूण खर्च पूर्ण प्रकाशावर २.८ वॅट आणि निम्म्या पट्टीवर १.२ वॅट झाला. पडद्याची वीज पाचवा हिस्सा झाली, तरी एकूण खर्च पाचवा हिस्सा होत नाही, तो निम्म्याच्या थोडा खाली येतो. वर्गातल्या मोजणीतही हेच दिसेल.

पडदा पूर्ण मिटलेला असताना मोबाइल फारच थोडी वीज खातो. मात्र डोंगरात मनोरा दूर असतो आणि त्याला गाठण्यासाठी रेडिओला जोर लावावा लागतो, म्हणून तो खर्च ०.२ वॅट धरू. पाच तासांचा झाला १ वॅट-तास. संध्याकाळच्या फोनसाठी आणखी अर्धा वॅट-तास बाजूला ठेवू. उरले १.४ वॅट-तास. हीच आपली नकाशा पाहण्याची पुंजी.

पूर्ण प्रकाशावर, माचीवरच्या उन्हात उभे राहून नकाशा पाहिला, तर १.४ भागिले २.८, म्हणजे अर्धाच तास मिळतो. पद्मावती देवीच्या देवळाच्या सावलीत जाऊन, पट्टी निम्म्यावर आणून पाहिला, तर १.४ भागिले १.२, म्हणजे एक तास दहा मिनिटे. दुपटीहून अधिक! आणि नकाशा नको असेल तेव्हा पडदा मिटून मोबाइल खिशात ठेवला, तर सातच्या फोनची चिंताच नको.

म्हणजे वादात तिघांचेही थोडेथोडे बरोबर होते. सर्वांत मोठी बचत पडदा मिटण्यात आहे, हे खरे. पण पडदा लागणारच असेल, तेव्हा प्रकाश कमी करण्याने निश्चित फरक पडतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. यातून विजेचे बिल फारसे वाचणार नाही. रोज एकदा मोबाइल पूर्ण भरला, तरी वर्षाकाठी सात युनिटे आणि वर भरताना वाया जाणारी थोडी, एवढाच खर्च येतो. खरा लाभ वेगळा आहे. लिथियम-आयन बॅटरी दर वेळी भरताना आणि रिकामी होताना थोडीथोडी झिजते आणि उष्णतेने ती आणखी लवकर झिजते. कमी वेळा भरावी लागली आणि कमी तापली, तर ती अधिक वर्षे टिकते. ज्या घरात एकाच मोबाइलवर भावंडांचा अभ्यास आणि वडिलांचे काम चालते, त्या घरात हे एखादे वर्ष मोठे असते.

आज रात्री अभ्यासाला बसाल, तेव्हा एवढे करून पाहा. वहीचे कोरे पान मोबाइलच्या शेजारी ठेवा. पडद्यावरही पांढरे पान आणा आणि पडदा कागदाइतकाच उजळ दिसेपर्यंत पट्टी सरकवा. पडदा दिव्यासारखा चमकायला नको आणि राखी दिसायलाही नको. कागदासारखा दिसला पाहिजे. बोट कोठे थांबले ते पाहा. तेवढ्या प्रकाशात तुमच्या डोळ्यांचे भागते. त्याच्या वरच्या मेणबत्त्या आजवर कोणासाठी जळत होत्या, याचा हिशोब आता तुम्हांला करता येईल.